माशी बांधायला शिकतोय: नेढ्यापाशी जागा उरत नाही आणि डोकं सुटतं

रानवाट
नमस्कार मंडळी. फ्लाय फिशिंग (गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली माशीने मासे पकडणं) सुरू करून मला दोन वर्षं झाली. आतापर्यंत माशा विकत घेत होतो, गेल्या महिन्यापासून स्वतः बांधायला लागलोय. व्हाईस (गळ घट्ट धरणारा शिकंजा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारी, नळी असलेली पकड), बारीक टोकाची कात्री, हॅकल प्लायर (पीस धरायचा चिमटा) आणि दोन रंगांचा दोरा एवढं सामान आहे. पहिली माशी वूली बगर असावी असं बऱ्याच जणांनी सांगितलं, म्हणून १० नंबरच्या गळावर तीच बांधतोय. सोळा झाल्या.

तीन गोष्टी जमत नाहीयेत. शेनील (शरीरासाठीचा जाड, लवदार दोरा) आणि हॅकल (कोंबड्याचं पीस) गुंडाळत पुढे आलो की थेट गळाच्या नेढ्यापर्यंत पोचतो, मग डोकं, म्हणजे शेवटचे दोऱ्याचे वेढे, बांधायला जागाच उरत नाही. शेपटीचा माराबू (मऊ, फुललेलं पीस) गळाच्या दांड्यावर नीट बसवला तरी दोरा आवळताना पलीकडच्या बाजूला सरकतो. आणि शेवटची व्हिप फिनिशची गाठ पाण्यात चार-पाच फेका झाल्या की उलगडते. मधूनमधून दोराही तुटतो.

हीच माशी बांधत राहू की दुसरी सोपी घेऊ? मुळात पाया म्हणून आधी काय पक्कं करायचं असतं? सविस्तर लिहिलंत तर फार उपयोग होईल.

तळ्याकाठी
चांगला धागा. मलाही डोक्याचीच अडचण आहे. वाचतोय.

शांत_डोह
रानवाट, सोळा माशा सलग बांधल्यात ही चांगली गोष्ट आहे. आता चार दिवस पिसं, शेनील, माराबू सगळं डब्यात ठेवून द्या. नुसता गळ आणि दोरा घेऊन बसा.

नेढ्याच्या मागे नेढ्याच्याच लांबीएवढी दोनदा जागा मोकळी सोडा आणि तिथून दोरा सुरू करा. पहिले पाच-सहा वेढे स्वतःवर चढवून दोरा पकडला की वेढ्याला वेढा लावत गळाच्या वाकापर्यंत जा. तसेच परत या. सगळं उलगडा आणि पुन्हा करा. त्या मोकळ्या जागेत एकही वेढा जाता कामा नये. माझ्या मते माशी बांधण्याची अर्धी विद्या त्या दोन मिलिमीटरमध्ये आहे. जागा शेवटी 'उरते' या भरवशावर बसलं की ती कधीच उरत नाही. पहिल्या वेढ्यालाच ती राखून ठेवायची आणि तिथे कुंपण आहे असं समजायचं.

दुसरा सराव: दोरा मुद्दाम तोडा. गळावर चार वेढे द्या आणि बॉबिन हळूहळू खाली ओढत जा. गळ किती वाकतो, दोरा कुठे ताणतो, कुठल्या क्षणी तुटतो, ते बघा. पाच-सहा वेळा केलंत की हाताला अंदाज येतो. नवीन माणूस एकतर दोरा तुटेल या भीतीने सैल बांधतो, नाहीतर आवळून तोडतो. तुटायच्या किंचित अलीकडे थांबणं हे हाताला कळावं लागतं, ते लिहून सांगता येत नाही.

आणि गळाचा उलटा काटा दाबायचा असेल तर बांधायच्या आधी चपट्या पकडीने दाबा. दाबताना कधीकधी गळच मोडतो, आणि बांधलेली माशी वाया गेली की फार जीवावर येतं.

पिसारा
डोहकाकांशी सहमत. त्यात माराबूबद्दल भर घालते.

पिसं पलीकडे सरकतात कारण दोरा फिरताना त्यांना सोबत घेऊन जातो. उपाय चिमटीत आहे. माराबू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दांड्याच्या बरोबर वर धरा. दोरा वर आणा, चिमटीत सरकवा, पलीकडून खाली न्या आणि पुन्हा चिमटीत आणा. एवढा वेळ तो सैलच हवा. आता बोटं न सोडता दोरा सरळ ओढा. वेढा वरून खाली दाबला जातो, बाजूने ढकलत नाही. असे दोन-तीन वेढे झाल्याशिवाय चिमटी उघडायची नाही. मी शिकताना सगळ्यात जास्त चुका इथे केल्या, त्याही बोटं लवकर सोडल्यामुळे.

माराबू बांधायच्या आधी बोट ओलं करून त्यावरून फिरवा. फुललेलं पीस एकदम सडपातळ होतं आणि खरी जाडी दिसते. शेपटी साधारण दांड्याएवढी लांब ठेवा. बुडख्याकडचा भाग वाकापाशीच कापू नका, दांड्यावरून पुढपर्यंत आडवा बांधत आणा. मागेच कापलात तर तिथे उंचवटा होतो आणि शरीर खाली-वर दिसतं.

शेनीलच्या टोकावरची लव नखाने ओढून काढा. आतला नुसता दोरा दिसेल, तेवढाच बांधा. नेढ्यापाशी गर्दी होण्याचं एक कारण शेनीलचं जाड टोक असतं.

सूतगुंडी
माझं मत जरा वेगळं आहे. तुम्ही दोरा कुठला वापरता ते लिहिलंच नाहीये, आणि निम्मी दुखणी तिथली असतात.

दोऱ्याच्या रिळावर ६/०, ८/० असे आकडे असतात. पहिला आकडा मोठा तर दोरा बारीक. पण हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून डेनियर बघा. ९,००० मीटर दोऱ्याचं वजन जितके ग्रॅम तितकं डेनियर. ७० डेनियर बारीक, १४० त्याच्या दुप्पट वजनाचा. १० नंबरच्या गळावर शिकताय तर १४० घ्या. हात बसला की ७० वर या, डोकं आपोआप लहान होईल.

दोरा फिरकी खातो हेही लक्षात ठेवा. गळाभोवती वेढे देताना त्याला पीळ चढत जातो आणि तो गोल, टणक होतो. बॉबिन मोकळी लोंबकळत सोडून उलट्या दिशेने भोवऱ्यासारखी फिरवा, पीळ उतरतो आणि दोरा फितीसारखा चपटा बसतो. चपटा दोरा जाडी वाढवत नाही. डोक्याला तोच हवा. डीअर हेअरसारखे (हरणाचे) पोकळ केस घट्ट दाबायचे असतील तेव्हा मात्र पीळ असलेला चालतो.

दोरा सारखा एकाच जागी तुटत असेल तर बॉबिनची नळी तपासा. तोंडाशी बारीक कंगोरा असला की तो दोरा कातरतो. कापसाचा बोळा तोंडावरून फिरवा, धागे अडकले तर नळी खराब आहे. दुसरा संशयित म्हणजे गळाचं टोक. वाकापाशी वेढे देताना दोरा टोकाला नुसता घासला तरी अर्धा कापला जातो, आणि तुटतो मात्र नंतर, तुम्ही आवळता तेव्हा.

रानवाट
सूतगुंडी, कापूस फिरवला. अडकला! नळीच्या तोंडाला बारीक खाच आहे. महिनाभर मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो. दोरा ७० डेनियरचा निघाला. बॉबिन आणि दोरा दोन्ही बदलतो.

पिसाराताई, शेनीलचं टोक सोलायचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आज रात्री करून बघतो.

तळ्याकाठी
हे वाचून माझ्या धाकटीने विचारलं, "मासा माशी खातो, मग माशी बांधणाऱ्याला काय म्हणायचं?" तीच म्हणाली, माशीकार.

पिसारा
माशीकार! सुरेख शब्द आहे. आजपासून मी हाच वापरणार.

डावखुरा
एक प्रश्न. मी डावखुरा आहे. व्हिडिओत सगळे उजव्या हाताने बांधतात. त्यांचं बघून उजव्या हाताने शिकावं का?

शांत_डोह
मुळीच नको. गळाचं नेढं डावीकडे येईल असा व्हाईस फिरवा आणि बॉबिन डाव्या हातात घ्या. व्हिडिओ आरशातून बघितल्यासारखा तुमच्याशी जुळेल. पीळ उतरवायची दिशा तेवढी उलटी होईल.

किडूकमिडूक
मंडळी, दोरा आणि गाठीबद्दल सगळं बरोबर चाललंय, पण ही माशी कशाची नक्कल आहे याबद्दल कुणीच बोलत नाहीये. मला तर माशी बांधायला सुरुवात नदीतला दगड उलटा करून बघण्यापासून करावी असं वाटतं.

दगडाखाली मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं असतात, त्यांना निम्फ म्हणतात. चपटी, तीन किंवा दोन शेपट्यांची. ती पाण्यात कित्येक महिने काढतात. पंख फुटून वर आलेला किडा मात्र काही तास किंवा दोन-चार दिवस जगतो, कारण प्रौढ मेफ्लायला खाता येईल असं तोंडच नसतं. म्हणजे माशाला या किड्याची ओळख बहुतेक काळ पाण्याखालीच असते. कॅडिस या दुसऱ्या पाणकिड्याच्या अळ्या स्वतःच्या रेशमाने वाळूचे कण नाहीतर काड्या चिकटवून घर बांधतात. ते घर हातात घेऊन बघितलं की बारीक काम म्हणजे काय ते कळतं.

फ्रँक सॉयर नावाचा इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा रखवालदार होता. फेझंट टेल निम्फ ही माशी त्याची. नदीकाठी वर्षानुवर्षं किडे बघून त्याच्या लक्षात आलं की पोहताना ही निम्फ पाय अंगाशी घेते. म्हणून त्याने माशीला पाय ठेवलेच नाहीत. दोराही टाकून दिला. केसासारखी बारीक तांब्याची तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे काही तंतू, बस्स. तारेनेच बांधायचं, तारेनेच वजन द्यायचं, पाठीचा फुगवटाही तिनेच करायचा. आज पुष्कळ जण त्याच्या माशीला दोरा, पाय, चमकती पाठ असं बरंच काही लावतात. मला त्याचीच जास्त पटते. आधी नीट पाहिल्याशिवाय काय वगळायचं ते कळत नाही.

सूतगुंडी
किडूकमिडूक, लिहिलंत ते सगळं मान्य, पण रानवाट वूली बगर बांधतायत. ती एका किड्याची नक्कल नाहीच. पाण्यात ओढली की जळू वाटते, लहान मासा वाटते, मोठी अळी वाटते. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगने ती १९६७ च्या सुमारास बांधली असं मानतात. शिकणाऱ्याला ती देतात कारण तिच्यात शेपटी, शरीर, हॅकल आणि तार चारही कामं येतात आणि प्रमाण थोडं चुकलं तरी मासा लागतो.

किडूकमिडूक
मासा लागतो म्हणूनच तर तिच्यावर प्रमाण शिकता येत नाही! चूक दाखवणारी माशी हवी. निम्फची शेपटी जरा लांब झाली तरी लगेच डोळ्यांत भरते.

शांत_डोह
दोघांचंही ऐकलं. पण ज्याच्या माशीचं डोकं सुटतंय त्याला आज किड्याचं शरीर समजावून काय करायचं? आधी बांधलेलं टिकलं पाहिजे. दगड उलटा करायला जन्म पडलाय. मी नवीन माणसाला एकच माशी, एकाच मापात, दोन डझन बांधायला लावतो, आणि पहिली व चोविसावी शेजारी ठेवायला सांगतो.

पिसारा
काका, इथे मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. मी तीच माशी तिसाव्यांदा बांधत होते तेव्हा चूकही तिसाव्यांदा तीच होत होती. बांधण्याइतकंच सोडवण्यातून शिकता येतं.

स्कॉटलंडमध्ये ब्रोराजवळ मेगन बॉइड नावाची माशीकार होती. सामन मासा पकडायच्या नकली माशांसाठी ती जगभर नावाजली गेली, १९७१ मध्ये तिला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. लहानपणी तिला शिकवणाऱ्याने काय करायला लावलं असेल? तयार माश्या एकेक वेढा उलगडून सोडवायच्या आणि तेच सामान लहान गळावर पुन्हा बांधायचं. एवढ्या माश्या बांधूनही तिने स्वतः कधी मासेमारी केली नाही, मासे मारणं तिला आवडत नव्हतं.

मी तेच केलं. चांगल्या हाताने बांधलेली वूली बगर घेतली आणि उलट क्रमाने सोडवत गेले, प्रत्येक टप्प्यावर दोऱ्याचे वेढे मोजले. डोक्याला सगळे मिळून दहा-बारा वेढे होते. माझ्या माशीच्या डोक्याला चाळीस असायचे! तेव्हा कळलं की जागा कमी पडत नव्हती, मी दोरा जास्त घालत होते. रानवाट, तुमच्याकडे विकतच्या माशा असतील ना? एक बळी द्या.

अर्धाविराम
मेगन बॉइडबद्दल माहीत नव्हतं, वाचून फार छान वाटलं.

थोडं अवांतर. ही विद्या किती जुनी आहे ते बघा. एलियन नावाच्या रोमन काळातल्या लेखकाने इ.स. २०० च्या आसपास मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहिलंय. ते गळाला लाल लोकर गुंडाळायचे आणि कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या मांसल भागाखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावायचे. आपण डबिंग (शरीराला गुंडाळायची लोकर) आणि हॅकल म्हणतो तेच! इंग्रजीत १४९६ मध्ये छापलेल्या गळमासेमारीच्या एका प्रबंधात बारा माशांचं वर्णन आहे. तेव्हा व्हाईस नव्हता, सगळं बोटांत धरून. अलीकडच्या काळात अमेरिकेचा ली वुल्फसुद्धा बोटांतच गळ धरून बांधायचा.

याच छंदाची काळी बाजूही सांगतो. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या निसर्गसंग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. सामनसाठीच्या जुन्या पद्धतीच्या माशा बांधणाऱ्यांना दुर्मीळ पिसं हवी असतात, त्यासाठी. त्यात निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी जमवलेले पक्षीही होते. चोर सापडला, पण पुष्कळ कातड्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकलेल्या होत्या. पक्षी कुठे आणि कधी मिळाला ते त्या चिठ्ठीवर असतं. ती गेली की अभ्यासाला तो नमुना जवळजवळ निकामी. एका गळावर चार रंगीत पिसं बसावीत म्हणून एवढं नुकसान.

पिसारा
वाचून पोटात कालवलं. शिकणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, वन्य पक्ष्यांच्या पिसांच्या मागे लागू नका. कायदा आहेच, पण गरजही नाही. माराबू हे नाव करकोच्याच्या जातीचं, पण आज मिळतं ते टर्कीचं पीस. हॅकल पाळलेल्या कोंबड्यांचं असतं. रानकोंबड्याच्या मानेवरच्या चमकत्या पिसांना रंगवलेले पर्याय निघालेत, पाण्यात मासा तक्रार करत नाही.

आणि कुठूनही आणलेलं पीस थेट इतर सामानात टाकू नका. हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. कसर लागली तर सगळा डबा जातो. माझा एकदा गेलाय.

तळ्याकाठी
माशीला वजन द्यायला वापरतात त्या शिशाच्या तारेबद्दलही कुणीतरी लिहा.

सूतगुंडी
हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, तोंडात धरायची नाही, लहान मुलांपासून लांब. खरं म्हणजे टाळलेलीच बरी. टंगस्टनचा मणी शिशाहून कितीतरी जड असतो (घनता १९ च्या वर, शिशाची ११ च्या थोडी वर), त्यामुळे लहान माशीही पटकन तळाला जाते. आणि बांधताना चष्मा लावा, साधा असला तरी. गळ उडून डोळ्यात जायला एक क्षण पुरतो.

आता व्हिप फिनिशकडे येतो, रानवाटचा तो प्रश्न राहूनच गेलाय. ही नेहमीसारखी गाठ नसून एक युक्ती आहे. दोऱ्याचा फास करायचा, बॉबिनकडचा दोरा दांड्याला समांतर आडवा ठेवायचा आणि फासाने त्याच्यावरून वेढे द्यायचे. मग बॉबिन ओढली की फास वेढ्यांखाली शिरतो. म्हणजे दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली पुरलेला असतो. हे डोळ्यांना दिसत नाही तोवर हाताला जमत नाही. म्हणून पेन्सिल आणि बुटाची नाडी घ्या. नाडीने पेन्सिलवर वीस वेळा करा, प्रत्येक वेढा कुठे चाललाय ते दिसेल. मग गळावर.

सुटते का? एकतर वेढे डोक्याच्या उतारावर पडतात आणि पुढे घसरतात, नाहीतर हॅकलचे तंतू गाठीत अडकतात. तंतू तीन बोटांनी मागे ओढून धरा. आठ वेढ्यांची एक गाठ करण्यापेक्षा चार-चारच्या दोन करा. वर वार्निशचा एक थेंब. ते ओलं असतानाच एक जुनं पीस नेढ्यातून ओढून काढा, नाहीतर पाण्याकाठी दोरी ओवताना नेढं बुजलेलं सापडेल.

रानवाट
तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांनी सांगितलेलं एकेक करून पाहिलं.

चार दिवस नुसता दोरा. मग पिसाराताईंचं ऐकून विकतची एक माशी सोडवली. डोक्याला अकरा वेढे निघाले. माझ्या माशीचे मोजले, सदतीस! शेनीलचं टोक जाड, माराबू मागेच कापलेला, सगळं जसं सांगितलंत तसंच. त्यानंतर चौदा बांधल्या. शेवटच्या पाचांना नेढ्यामागे स्वच्छ जागा आहे. व्हिप फिनिश नाडीवर केल्यावर दुसऱ्याच दिवशी समजलं. रविवारी एकच माशी दिवसभर फेकली. दोनदा फांदीत अडकली, एकदा दगडावर आपटली, डोकं जागच्या जागी. एक मासा लागला, लहानसा, सोडून दिला. पण तो लागला तेव्हा जो आनंद झाला तो याआधी कधी झाला नव्हता.

एक नवी अडचण. हॅकल दोन-तीन ठिकाणी कापलं गेलं आणि पाठीवरून सुटून लोंबतंय. बहुतेक माशाच्या दातांनी. आणि हॅकल शरीरापेक्षा फारच मोठं दिसतं.

शांत_डोह
अभिनंदन! मनापासून. पहिली आणि चौदावी शेजारी ठेवलीत ना?

पिसाराताई, सोडवून शिकण्याचा मुद्दा मी मान्य करतो. यापुढे नवीन माणसाला दोन डझनांच्या आधी एक माशी सोडवायला लावेन.

पिसारा
काका _/\_
रानवाट, हॅकल लोंबतं ते तार न गुंडाळल्यामुळे. शेपटी बांधतानाच वाकापाशी बारीक तार बांधून ठेवा. हॅकल पुढून बांधून मागे वाकापर्यंत वेढत न्या, मग तार हॅकलच्या उलट्या दिशेने पुढे आणा. प्रत्येक वेढ्यात ती हॅकलची दांडी ओलांडून दाबते. एका ठिकाणी दातांनी कापलं गेलं तरी बाकीचं जागेवर राहतं. तार पुढे आणताना ती हलकेच डावी-उजवीकडे हलवत आणा, म्हणजे तंतू खाली दबत नाहीत.

तंतूंची लांबी बांधायच्या आधी मापा. पीस वाकवून गळाशेजारी धरलं की तंतू उभे राहतात. गळाच्या टोकापासून दांड्यापर्यंतचं अंतर म्हणजे गळाचा जबडा, तंतू त्याच्या साधारण दीडपट हवेत. तरंगणाऱ्या माशीला हे माप काटेकोर पाळावं लागतं, बगरला थोडं इकडेतिकडे चालतं.

रानवाट
तार डब्यात पडून होती, कशाला असते ते माहीतच नव्हतं! पुढच्या सहा तिच्यासकट बांधतो. त्यानंतर सॉयरची फेझंट टेल घेऊ का?

किडूकमिडूक
घ्या घ्या! तांब्याच्या तारेनेच बांधा, दोरा लावू नका. १४ नंबरच्या गळावर सुरुवात करा. तार एकाच जागी सारखी वाकवलीत की मोडते, त्यामुळे वेढा उलगडायची वेळ येऊ देऊ नका. आणि बांधायला बसण्याआधी एक दगड उलटा करून बघाच. बघून झालं की दगड होता तसा ठेवा, खाली वस्ती असते.

डावखुरा
व्हाईस फिरवला, नेढं डावीकडे आणलं. पहिल्यांदाच दोरा हाताला सरळ आला. डोहकाका, आभार. नाडी आणि पेन्सिल घेऊन बसलोय.